ताईची भट्टी

मी एक जुनी भट्टी आहे, मित्रांनो. पाव भाजायची नव्हे आणि विटा भाजायचीही नव्हे. कॉफीचे कच्चे, हिरवट दाणे माझ्या पोटात पडत आणि तपकिरी, खमंग होऊन बाहेर येत. माझं पोट म्हणजे बिडाचा एक जाडजूड ढोल. खाली जाळ, वर दाणे ओतायचं तोंड आणि पुढे भाजलेले दाणे थंड करायची गोल परात. बस्स, एवढाच माझा संसार.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. पहिल्या मालकाकडे मी वर्षानुवर्षं दाण्यांचा नुसता कोळसा केला. त्याचा माल जुना, कुबट असे. जाळून काळा केला की सगळ्याची चव एकच, कडू. पुढे तो धंदा बसला आणि मला भंगाराच्या आवारात नेऊन टाकलं. माझ्या ढोलात पाणी साचलं. एका मांजरीनं परातीत पिल्लं घातली. मला वाटलं, झालं, आता वितळायचंच बाकी आहे.

तिथे मला ताई भेटली.

ती साबणाच्या कारखान्यात वास तपासायच्या नोकरीला होती. तिचं नाक एवढं तिखट होतं की नुसता वास घेऊन ती अख्खा घाणा परत पाठवायची. भंगारात लोखंडाच्या कपाटाचं दार शोधायला आलेली ही बाई माझ्यापाशी थबकली. तिनं माझ्या तोंडात डोकं घातलं, खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "अगं बाई, हिच्या पोटात अजून कॉफी आहे." मांजरीची पिल्लं मोठी होईपर्यंत ती थांबली. मग मला लोखंडाच्या वजनावर विकत घेऊन घरी आली.

घर कसलं, एका शिंप्याच्या दुकानामागची अंधारी खोली. तिथे तिनं मला खरवडून, घासूनपुसून, वंगण घालून उभं केलं. नोकरी सोडली. आणि टायरच्या दुकानातून काढून टाकलेल्या धाकट्या भावाला हाताशी घेतलं. आई-वडील लवकर गेल्यामुळे तिनंच त्याला वाढवलं होतं. ती त्याला 'छोट्या' म्हणायची. तो तिच्यापेक्षा हातभर उंच होता, तरी छोट्याच.

मित्रांनो, ते दिवस माझ्या भाग्याचे होते. ताई मला कधी घाई करत नसे. दाणे आत पडले की आधी ओल्या गवतासारखा वास सुटे. मग पाव भाजल्यासारखा. मग दाणे तडतडू लागत. ती माझ्या कुशीला कान लावून ती तडतड ऐके, लांब दांड्याची पळी घालून चार दाणे बाहेर काढी, नाकाशी नेई, परत आत टाकी. एखाद्या क्षणी तिचे डोळे मोठे होत आणि ती ओरडे, "सोड!" छोट्या झडप उघडी. दाणे परातीत धबाधबा कोसळत. मग दोघं एकमेकांकडे बघून हसत.

ती भाजायची आणि तो विकायचा. सायकलच्या कॅरिअरला पुडे बांधून तो दारोदार फिरे. त्याच्या जिभेवर साखर होती. कॉफीला नाक मुरडणाऱ्या माणसालाही तो दोन पुडे गळ्यात मारून येई. आधी कोपऱ्यावरचं पुस्तकांचं दुकान, मग दोन-चार खानावळी, मग एक मोठं हॉटेल. ठरावीक मळ्यांतून थोडाथोडा, निवडक माल यायचा. "हा डोंगराच्या सावलीतला, हलका भाज. हा उन्हातला, याला जरा वेळ दे," असं ताई स्वतःशीच पुटपुटायची. शिंप्याच्या दुकानात कपडे शिवायला आलेली माणसं वास काढत मागे येऊ लागली. शिंपी कुरकुरायचा, "माझ्या सगळ्या सदऱ्यांना कॉफीचा वास लागतो." पण रोज दुपारी कप घेऊन पहिला हजर तोच.

ताई देवमाणूस नव्हती, हेही मी सांगितलं पाहिजे. एकदा ती बाजारात गेली असताना छोट्यानं हौसेनं एक घाणा भाजला. दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्याला वाटलं, ताई खूश होईल. ती आली, परातीवर वाकली आणि सगळे दाणे सरळ बाहेरच्या गटारात ओतून आली. "छोट्या, तुझं नाक म्हणजे नुसती तोंडावरची शोभा आहे रे," ती म्हणाली. गिऱ्हाइकं हसली. छोट्याही हसला. पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. त्यानंतर त्यानं माझ्या झडपेशिवाय कशालाही हात लावला नाही.

धंदा वाढला. आम्ही उंच छताच्या मोठ्या शेडमध्ये गेलो. पुडे भरायला एक मावशी आली, मग तिच्या हाताखाली आणखी बायका आल्या, गाडी आली, ड्रायव्हर आला. पुड्यावर ताईचं चित्र छापलं गेलं: डोळे मिटलेले, ओंजळीत दाणे, नाक त्या ओंजळीत. खाली लिहिलं होतं, 'ताईच्या पसंतीची'. कागदपत्रं, सह्या, बँक असल्या गोष्टींचा ताईला कंटाळा. "तुझ्याच नावावर ठेव सगळं. मला भाजू दे," ती म्हणायची. धाकट्याला आता सगळे 'साहेब' म्हणत. फक्त ती भर माणसांत हाक मारी, "छोट्या, झडप!"

"ताई, लोकांसमोर तरी छोट्या म्हणू नकोस," तो एकदा म्हणाला.

"बरं, साहेब," ती म्हणाली आणि सगळ्या बायका खो-खो हसल्या.

मग ताईला ताप आला. साधाच ताप, सगळ्या गावाला आला होता. आठवडाभर ती आली नाही. आली तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण तिनं पदर खोचला, जाळ लावला, दाणे ओतले. पळी बाहेर काढली. नाकाशी नेली.

आणि तशीच उभी राहिली.

तिनं पुन्हा वास घेतला. मग माझ्या वंगणाचा डबा उघडून नाकाशी धरला. मग रॉकेलचा बोळा. मग स्वतःचा तळहात. आत दाणे तडतडून जळू लागले, माझ्या अंगातून काळा धूर निघाला, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या धुरात उभं राहून ताई नाकानं श्वास ओढत होती, ओढत होती, आणि तिला काहीच सापडत नव्हतं.

पुढे ती कानावर आणि डोळ्यांवर भाजू लागली. रंग बघायचा, तडतड ऐकायची. माल बरा निघायचा. पण चव घ्यायच्या टेबलाशी ती आता शेवटी बोलायची, इतर काय म्हणतात ते ऐकून. डॉक्टर म्हणाले होते, येईल परत, कदाचित. महिने गेले. परत काही आलं नाही.

एका संध्याकाळी सगळे गेल्यावर तिनं माझ्या गरम अंगाला पाठ टेकली आणि भावाला सांगितलं. "छोट्या, माझं नाक गेलं रे. कॉफी पिते तर नुसतं कडू पाणी लागतं."

तो तिच्याजवळ सरकला. मग त्यानं तिचा हात धरला. "कुणाला सांगू नकोस. मी आहे ना."

ताई लहान मुलीसारखी रडली. मलाही भरून आलं. वाटलं, भाऊ असावा तर असा.

त्यानंतर काही दिवसांनी मोठे व्यापारी येऊ लागले. त्यांना आमची कंपनी वाढवायची होती. शहराशहरांत दुकानं, मोठी आपोआप चालणारी यंत्रं, स्वस्त माल गडद भाजून भरलेले पुडे, आणि वर ताईचं चित्र. साहेबांना ते सगळं पटलं. ताईला नाही. ज्या दिवशी बोलणी पक्की व्हायची होती, त्या दिवशी ती सगळ्यांसमोर उभी राहिली.

"हा माल कुबट आहे. हा माझ्या चित्राखाली विकायचा नाही."

"कुबट आहे हे कशावरून?" धाकट्यानं शांतपणे विचारलं.

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. तिचा स्वतःच्या कानांवर विश्वासच बसेना.

"चाखून बघू की," तो हसून व्यापाऱ्यांकडे वळला. "आमच्या ताईचं नाक म्हणजे आमची कंपनी. तीच सांगेल." आणि त्यानं आधीच तयार ठेवलेले तीन झाकलेले कप टेबलावर मांडले. "ताई, यातला आपला कोणता, एवढंच सांग. तू सांगशील ते मी ऐकेन."

त्यानं झाकणं काढली. मित्रांनो, तिसऱ्या कपात त्यानं गुलाबाचं अत्तर टाकलं होतं. थेंब-दोन थेंब नव्हे, चांगलं घसघशीत. सगळी शेड त्या वासानं भरून गेली. दारातला ड्रायव्हर वळून बघू लागला. पुडे भरणाऱ्या बायकांचे हात थांबले. एकट्या ताईला काही कळलं नाही.

मावशी जोरात खोकली. धाकट्यानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिनं मान खाली घातली आणि पुडा भरू लागली. ज्या बायकांना ताईनं काम दिलं होतं, ज्यांच्या मुलांच्या दुखण्यात ती धावून गेली होती, त्या सगळ्या खाली बघत राहिल्या. मीही गप्प राहिले. मला तर जीभच नव्हती. त्यांना होती.

ताईनं पहिला कप घेतला, सूंऽ करून घोट घेतला, ठेवला. दुसरा घेतला, ठेवला. तिसरा ओठांपाशी नेला, डोळे मिटले. पुड्यावरच्या चित्रासारखीच दिसत होती ती.

"हा," ती म्हणाली. "हा आपला."

एक व्यापारी फस्सकन हसला. मग दुसरा. ताईनं डोळे उघडले आणि एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत गेली. "यात काय आहे?" तिनं विचारलं. मग ती भावाकडे वळली. "छोट्या, यात काय आहे रे?"

तो तिच्याजवळ गेला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ताईला विश्रांतीची गरज आहे. खूप केलंय तिनं आमच्यासाठी." त्याचा आवाज इतका मायाळू होता की माझा बिडाचा ढोलही थंड पडला.

त्या दिवशी बोलणी पक्की झाली.

नवी यंत्रं आली. त्यांना कान लावायची गरज नव्हती. ती आपोआप सुरू होत, आपोआप थांबत. माझा जाळ कायमचा विझवला. ताईला एक गादीची खुर्ची मिळाली. पाहुणे आले की गाडी पाठवून तिला आणत, हातात दाणे देत आणि म्हणत, "ताई, जरा वास घ्या ना." ती घ्यायची. फोटो निघायचा. गाडी तिला परत सोडायची. ती नाही का म्हणाली नाही, असं तुम्ही विचाराल. ती राहायची ते घर कंपनीचं होतं. शिवाय ती यायची तेव्हा थोडा वेळ माझ्याजवळ उभी राहायची. पळी उचलून बघायची, फडक्यानं पुसून जागेवर ठेवायची.

पुढे तेही थांबलं. पुड्यावरचं चित्र बदललं. नव्या चित्रात एक तरुण, गोरीपान बाई डोळे मिटून दाण्यांचा वास घेते. खालचे शब्द मात्र तेच आहेत.

मला मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात आणून ठेवलं. मुलांनी ढोल फिरवून खडखडाट करू नये म्हणून माझ्या पोटात सिमेंट ओतलं. परातीत कुंड्या मांडल्या. काळा रंग दिला, पितळेला झिलई केली. साहेब कधीकधी पाहुण्यांना घेऊन माझ्यासमोर उभे राहतात आणि सांगतात, "माझ्या बहिणीनं मला सगळं शिकवलं." त्यांचे डोळे भरून येतात. ते खोटं रडत नाहीत, हे मला कळतं, आणि म्हणूनच मला त्यांची जास्त भीती वाटते.

परवा दुपारी एक म्हातारी बाई दुकानात आली. पायांत साध्या चपला, हातात कापडी पिशवी. ती सरळ माझ्याकडे आली आणि माझ्या कुशीवर हात ठेवून तिनं कान टेकवला.

"आजी, हात नका लावू," गल्ल्यावरची मुलगी म्हणाली. "शोभेची आहे ती."

"बरं," म्हणून ताईनं हात काढला. ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. कॉफी मागवली. दोन्ही हातांनी कप धरून हळूहळू प्यायली. मुलगी चांगली होती बिचारी, कप उचलताना तिनं विचारलं, "कशी वाटली, आजी?"

ताईनं जरा विचार केला.

"गरम आहे," ती म्हणाली. "छान गरम आहे."

आणि पिशवी उचलून निघून गेली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता ही भट्टी म्हणेल की जुन्या यंत्रांची काळजी घ्या. नको. माझी काळजी फार घेतात. रोज सकाळी मऊ फडक्यानं मला पुसतात. मागणं आहे ते वेगळंच. तुमच्या घरात एखादं माणूस पूर्वीसारखं कामाचं राहिलं नसेल, तर चारचौघांत त्याची परीक्षा घेऊ नका. खुर्चीत बसवून त्याचे फोटो काढू नका. त्याच्या शेजारी बसा. आणि त्यानं विचारलं, की बाबा, यात काय आहे, तर त्याला खरं काय ते सांगा.