कप्तानाचे दोन खांदे

मित्रांनो, आमच्या कप्तानाचं वागणं मला मुळीच आवडलेलं नाही. चार वर्षं ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं, तो असं वागेल असं मला वाटलं नव्हतं. सगळं कॉलेज आज त्याचं कौतुक करतंय. 'मन किती मोठं!' म्हणतंय. मला कुणी विचारलं नाही. खरं तर मलाच विचारायला हवं होतं, कारण त्या घटकेला त्याच्या सगळ्यात जवळ मी होते.

मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे, त्या आळशी बायका निराळ्या. मी कुस्तीची गादी. मी एकटी दिसते, पण माझ्या पोटात फोमचे बहात्तर तुकडे आहेत आणि वरून रेक्झीनचं एक मोठं पांघरूण. एवढं मोठं कुटुंब एका पांघरुणाखाली नांदवणं सोपं नसतं. एखादा तुकडा सरकतो, एखादा रुसून कोपरा वर काढतो. मग दोऱ्या ताणून सगळ्यांना परत जागेवर बसवावं लागतं. माझ्या मधोमध एक मोठं लाल वर्तुळ आहे. तेवढं एक शून्य सोडलं तर मला दुसरं अक्षर येत नाही. शाळा म्हणून मी पाहिली ती ही, पडणाऱ्यांची.

ज्या कारखान्यात मी झाले, तिथे यंत्राच्या सुऱ्यानं आम्हाला कापलं. मग एक कारागीर प्रत्येक तुकड्यावर गुडघा रोवून बघायचा. गुडघा पार खाली टेकला की तुकडा बाद. माझ्यावर त्यानं दोनदा गुडघा रोवला आणि म्हणाला, "ही टिकेल." सोळा वर्षं झाली. टिकले.

पहिली दोन-तीन वर्षं माझे फार लाड झाले. मुलं दारातच बूट काढायची, पाय पुसायची. रोज सकाळी मावशी ओल्या फडक्यानं मला पुसायची. मावशी म्हणजे हॉलची झाडलोट करणारी, सगळे तिला मावशीच म्हणतात. ती अजून आहे. कुणी बूट घालून माझ्यावर चढला, की दारातूनच ओरडते, "रस्ता आहे का रे तो? उतर खाली!" एकदा बाहेरून आलेला पंच म्हणाला, "गादी छान ठेवलीय." सोळा वर्षांत माझं झालेलं कौतुक एवढंच, आणि तेही खरं तर मावशीचं.

पुढे मी जुनी झाले. बक्षीस समारंभाला माझ्यावरून टेबलं फरपटत नेली. एका टेबलाच्या पायानं मला भोक पाडलं, त्यावर चिकटपट्टी लावून वेळ मारून नेली. सुट्टी लागली की माझे तुकडे सुटे करून मागच्या खोलीत भिंतीशी रचतात. तिथे फाटक्या जाळ्या आणि मोडकी स्टुलं असतात. त्यांना बोलायला काही नसतं आणि मला ऐकायला कुणी नसतं. दोन-दोन महिने मी नुसती उभी. एरवीही माझ्याकडे बघायला कुणाला वेळ असतो? उभा असलेला समोरच्याच्या डोळ्यांत बघतो. उताणा पडलेला छताकडे बघतो. माझ्याकडे तोंड करून पडलेला माणूस सुटायच्या घाईत असतो. मला वाटतं, माझ्याइतकी माणसं कुणी अंगावर घेतली नसतील आणि माझ्याइतकं एकटं कुणी राहिलं नसेल.

पण वजनावरून मी प्रत्येकाला ओळखते. कप्तान पहिल्या वर्षी आला तेव्हा पाऊल टाकताना टाच आधी टेकवायचा. त्यामुळे रोज पडायचा. पडला की माझ्यावर पालथा होऊन मूठ आपटायचा. मी काही बोलायची नाही. पोराला रडू लपवायला जागा लागते. दुसरा सुतळी. लांब, बारीक, म्हणून हे नाव. पावलाचा आवाज नाही. तो पडला की लगेच उठायचा आणि ज्यानं पाडलं त्यालाच विचारायचा, "हे कसं केलंस? परत कर." दोघांची मैत्री माझ्यावरच झाली.

यंदाची कॉलेजांची स्पर्धा आमच्याच हॉलमध्ये झाली, माझ्यावर. दहा वजनगट, म्हणून एका सामन्यात दहा कुस्त्या, त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून. सहा जिंकेल तो संघ पुढे. असे तीन सामने जिंकून आमची मुलं परवा चौथा, शेवटचा सामना खेळली आणि अजिंक्य ठरली. त्या सामन्यात आठ कुस्त्यांनंतर आमच्या पाच होत्या, त्यांच्या तीन. नववी सुतळीची. समोरचा त्याच्यापेक्षा ताकदीचा. सुतळी सहा मिनिटं त्याच्या पायाला बिलगून राहिला, आणि शेवटच्या दहा सेकंदांत त्याला माझ्या कडेबाहेर ढकलून एका गुणानं जिंकला. सहावी कुस्ती आली, विजय झाला. हॉल डोक्यावर घेतला सगळ्यांनी. मावशीसुद्धा झाडू घेऊन नाचली.

दहावी कुस्ती कप्तानाची. आता तिच्यावर संघाचं काही अवलंबून नव्हतं. कप्तानाचं मात्र होतं, कारण तोवर तो एकही कुस्ती हरला नव्हता.

समोर दुसऱ्या कॉलेजचा एक उंच मुलगा होता, कान मुडपलेला. त्यानं कप्तानाला कमरेत धरून उचललं आणि माझ्यावर आणलं. मित्रांनो, आधी डावा खांदा टेकला. मग उजवा. दोन्ही, पुरते, आणि वर त्या मुलाचं सगळं वजन. कुस्ती संपायला तेवढं पुरे असतं. पण पंच वाकला होता तो पायांच्या बाजूला, आणि टेबलाशी बसलेल्या पंचाला त्याच्याच पाठीमुळे काही दिसलं नाही. कप्तान वळला, सुटला आणि पुढे दोन गुणांनी जिंकला. पंचानं त्याचा हात वर केला. मी खाली ओरडत होते. माझं कोण ऐकणार?

हात मिळवताना त्या मुलानं हळूच विचारलं, "पाठ टेकली होती ना?"

आमचा कप्तान म्हणाला, "पंचाला विचार."

तो मुलगा पंचाकडे गेला नाही. बॅग उचलून गेला. मग सगळेच फोटो काढायला मैदानावर पळाले. मला त्या दिवशी पुसायचंसुद्धा राहिलं. त्या मुलाचा घाम माझ्यावरच वाळला.

हे झालं परवा. तरीही मी म्हटलं, घाबरला असेल. मिरवणुकीच्या गडबडीत सांगता आलं नसेल. उद्या सांगेल.

काल सुट्टी होती. आज दुपारी चार वाजता सगळा संघ माझ्यावर गोल करून बसला. मध्ये कुस्ती शिकवणारे सर. संघातल्या सर्वोत्तम खेळाडूचा कप कुणाला, ते ठरवायचं होतं. सहा वाजेपर्यंत कार्यालयात नाव द्यायचं होतं. सरांनी आल्या आल्या सांगितलं, "प्राचार्य खूश आहेत. आपल्याला नवी गादी मिळणार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कप्तानानं सगळ्यात जोरात. त्याचा मला राग नाही. खोटं कशाला बोलू, थोडा आहे.

सर म्हणाले, "नियम तुम्हाला माहीत आहे. जो एकही कुस्ती हरला नाही त्याचा कप. असा कुणी नसेल, तर ज्याची कुस्ती संघाला सगळ्यात जास्त कामाला आली, त्याचा. कप्तान चारपैकी चार. सुतळी चारपैकी तीन. वाद कसला त्यात?"

"वाद आहे, सर," बंब म्हणाला. बंब म्हणजे आमचा सगळ्यात वजनदार गडी. तो बसला की माझे चार तुकडे एकदम दबतात. "सहावी कुस्ती सुतळीनं काढलीय."

"मग पहिल्या दिवशी हरला कशाला?" दुसरा एक म्हणाला.

"एका गुणानं हरला! तू तर एक मिनिटसुद्धा उभा राहिला नाहीस. तुझी कुस्ती बघायला मी चष्मा पुसेपर्यंत संपली होती."

"तू चष्मा लावतोस?"

"तेवढ्यासाठीच लावला होता!"

सगळे हसले. सरही हसले. सुतळी खाली बघत होता. बंब थांबायला तयार नव्हता. "सर, नियम मान्य. पण सुतळी पडला असता तर सगळा भार कप्तानावर आला असता. कप्तानाची पाठ टेकली असती म्हणजे?"

कप्तान बसला होता तिथे मला एकदम हलकं वाटलं. मित्रांनो, माणूस दचकला की क्षणभर त्याचं वजन कमी होतं. मी म्हटलं, आता बोल. आपलीच माणसं आहेत, कप संघाबाहेर जात नाही, अजिंक्यपद कुठे जात नाही. बोल रे.

तो उठला. "सर, कप सुतळीला द्या. मला नको."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर उठून उभे राहिले. "याला कप्तान म्हणतात! शिका याच्याकडून. हक्काचं सोडायला छाती लागते." बंबानं त्याला मिठी मारली. मी त्याच्या पायाखाली होते. त्याची दोन्ही पावलं मला घट्ट दाबून उभी होती.

सगळे गेले. सुतळी मागे राहिला. बुटाची नाडी बांधत म्हणाला, "का दिलास?"

"घे ना गप. मित्रासाठी एवढंही करू नये का माणसानं?"

"मित्र म्हणून दिलास, की माझा होता म्हणून? एवढंच सांग."

कप्तान हसला. "दोन्ही समज."

"मग घरी काय सांगू? आईला सांगू, जिंकला म्हणून, का मिळाला म्हणून?"

कप्तान खाली बसला. सुतळीनं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. मग म्हणाला, "सरांना सांगतो, नको मला." आणि गेला. जाताना पहिल्यांदाच त्याच्या पावलांचा आवाज आला.

मित्रांनो, तुम्हाला मी एवढंच सांगेन. गादीवर बूट घालून चढू नका. तिला रोज पुसा, सुट्टीत तिचे तुकडे उन्हात घाला, ओल्या भिंतीशी उभी करून विसरू नका. तिच्यावर कुणाला खाली पाडलंत तर हात देऊन उठवा. आणि तुमची पाठ टेकली, तर टेकली म्हणा. पंचानं पाहिलं नाही तरी म्हणा. टेकलेल्या पाठीला गादी कधी हसत नाही.

आता जरा बाजूला व्हा. कप्तान अजून इथेच बसलाय, गुडघ्यात डोकं घालून. मला त्याच्याशी बोलायचंय.

"ऐक, पोरा. तुझी पाठ टेकली, त्याचा मला राग नाही. माझा सगळा जन्म टेकलेल्या पाठी झेलण्यात गेलाय. तू घाबरून गप्प बसलास, तेही मी पोटात घातलं असतं. पण जे तुझं नव्हतंच, ते तू आज दान केलंस आणि त्याच्यावर टाळ्या घेतल्यास. ज्याचा कप होता त्याला तू मागणारा केलंस. तो पोरगा जिंकून रिकाम्या हातानं घरी चाललाय आणि तू हरून मोठा झालायस. माझा निवाडा ऐकून घे, दुसरं कुणी तो तुला देणार नाही. परवा तू नुसती कुस्ती हरलास. पडलास तो आज. साडेपाच वाजलेत, सर अजून कार्यालयात आहेत. ऊठ माझ्यावरून."