अष्टमीची सहल

प्रणितसरांवर किशोरीचा संशय बसला तो एका फोनमुळे.

त्या दिवशी ती रियाला न्यायला पोहण्याच्या तलावावर जरा लवकर पोचली होती. सर भिंतीला टेकून, केस पुसत, पाठमोरे बोलत होते. मुलांशी ते शुद्ध बोलत, पण घरच्यांशी बोलताना त्यांची करंजा गावची कोळी बोली बाहेर पडे.

"पोरा नवीन हायत, मामा. आटमीला भांग हाय ना? मग भांगातच आनतो. एकदा भांगात रमली का मंग काय भीती नाय."

किशोरीच्या हातातला टॉवेल खाली पडला. ती नाशिककडची, लग्न होऊन पनवेलला आलेली. भांग म्हटलं की तिला शिवरात्रीला चुलतकाका कसे गोठ्यात जाऊन रडत बसले होते, तेच आठवायचं.

रिया तेरा वर्षांची. सहाव्या वर्षी एका लग्नाच्या हॉलमागच्या टाकीत पडली होती, तेव्हापासून डोक्यावरून पाणी घ्यायलाही घाबरायची. प्रणितसर आठवडाभर नुसते तिच्या शेजारी पायरीवर पाय सोडून बसले, आणि चार महिन्यांत पोरगी तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहायला लागली. आता सर सात मुलांना दूर दक्षिणेला, शिरखोल नावाच्या गावी लाटेवर फळी चालवायला नेणार होते. रिया रोज गादीवर पालथी पडून टुणकन उभी राहण्याचा सराव करी. एकदा तरी लाटेवर उभं राहायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

चार महिन्यांत भीती गेली ती नेमकी कशाने, हा प्रश्न किशोरीला त्या संध्याकाळी पहिल्यांदा पडला.

दुसऱ्या दिवशी तिने संधी साधून सरांच्या पिशवीत डोकावून पाहिलं. कागदात गुंडाळलेल्या पिवळट वड्या होत्या, खोबऱ्याच्या वासाच्या. तिने नखाने थोडं खरवडून रुमालात बांधलं. रक्त तपासायच्या ज्या लॅबमध्ये ती कामाला होती, तिथल्या रुचिराला तो रुमाल दाखवला. रुचिराने वास घेतला, चुरा काडीवर धरून वितळवला आणि हसत सुटली.

"अगं, मेण आहे हे! मेणबत्ती कर आणि देवापुढे लाव."

"मेण असेलही," किशोरी म्हणाली. "पण त्या वड्यांच्या खाली काय होतं, ते कुठे पाहिलं मी?"

सरांना सरळ विचारावं, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण चोर कधी हो म्हणतो का, असं तिने स्वतःलाच समजावलं. नवऱ्याला सांगितलं तर तो सहलच रद्द करील आणि रिया आयुष्यभर बोलणार नाही. मग तिने एक युक्ती काढली. पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, "सहलीच्या शनिवारी रियाची चाचणी आहे. सहल आठवडाभर पुढे ढकलूया का? मी स्वतः सोबत येईन." भांग अष्टमीला होती ना? मग अष्टमीच टाळायची!

प्रणितसर मुद्दाम भेटायला आले. "ताई, पुढच्या शनिवारी पौर्णिमा आहे. पाणी फार मोठं असतं."

शेजारचे उदयसिंह तिथेच उभे होते. ते खदखदून हसले. "सर, लाटांवर खेळायला निघालात आणि पाणी लहान पाहिजे? मग आमच्या गच्चीवरची टाकी काय वाईट आहे?"

सरांनी मान खाजवली. "बघतो. मामांना विचारतो."

त्यांचं तोंड उतरलेलं किशोरीने नीट पाहून घेतलं. अष्टमी हुकल्याचं एवढं दुःख? तिची खात्रीच झाली.

शनिवारी पहाटे गाडी निघाली. कर्नाळ्याचा सुळका मागे पडेपर्यंत किशोरीचे सातही मुलांच्या बाटल्यांचे वास घेऊन झाले होते.

"काकू, माझ्या बाटलीत पाणीच आहे," एक मुलगा म्हणाला.

"असू दे. पाण्यालाही वास येतो कधीकधी."

रिया खिडकीकडे तोंड करून बसली.

रस्ता संपला तिथून होडीने खाडी ओलांडून ते शिरखोलला पोचले. तीसेक घरं, माडांची दाटी, फोनला रेंज नाही. प्रणितसरांचे मामा दादू बरीच वर्षं इथे होडी घेऊन राहत होते. मामींनी सोलकढीचे पेले पुढे केले. किशोरीने मुलांना थांबवलं, आधी स्वतः एक पेला प्यायली आणि घड्याळ लावून दहा मिनिटं बसून राहिली.

"आवडली ना?" मामींनी विचारलं. "आनू का आजून?"

भर दुपारी सगळे किनाऱ्यावर गेले, तर किनारा जागेवर नव्हता! पाणी थेट सुरूच्या झाडांना टेकलं होतं, आणि लाटा बुंध्यांवर आपटत होत्या. दादूमामांनी मुलांच्या हातातल्या, पाय घसरू नये म्हणून मेण घासलेल्या फळ्या एकेक करून काढून घेतल्या.

"आज नाय. उद्या बी नाय."

रियाने आपली फळी सर्वांत शेवटी सोडली. आणि किशोरीचा आठवडाभर दाबलेला राग उसळला.

"का नाही? अष्टमीलाच हवी होती ना पोरं तुम्हाला? मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. भांग पाजून भीती घालवता मुलांची!"

प्रणितसरांचा चेहरा पांढरा पडला. दादूमामा मात्र बुचकळ्यात पडून तिच्याकडे बघत होते.

"भांग पाजून?"

"सर फोनवर म्हणाले. भांगात आणतो, भांगात रमतील..."

"आई," रिया हळूच म्हणाली, "पिण्याची ती भांग. मग सर भांगेत म्हणाले असते. भांगात म्हणजे तो भांग. दुसरंच काहीतरी असणार."

"पोरगी शानी हाय," दादूमामा म्हणाले. ते काठी घेऊन वाळूत बसले आणि त्यांनी एकाखाली एक दोन रेघा ओढल्या. "हे बग, बाय. पुनवेला न् अवसेला उधान. पानी हितवर चढतं, आन् उतरताना खाडीच्या तोंडानं सगलं वढून नेतं. आटमीच्या आसपास भांग. पानी धड चढत नाय, धड उतरत नाय. नव्या पोरांनी तवाच शिकायचं. तुमी वार बदलला तवाच याला बोललो, आनू नको."

"पोरांनी पिशव्या भरून ठेवल्या होत्या, मामा," सर पुटपुटले.

रिया आईकडे वळली. "आई, त्या शनिवारी माझी चाचणी कुठे होती?"

बाकीची मुलं ऐकत होती. चाचणीची तारीख चुकून वाचली, असं सांगणं अगदी सोपं होतं. पण किशोरी सगळ्यांकडे वळली.

"नव्हती. मी खोटं लिहिलं. सरांवर मला संशय होता, म्हणून तुम्हा सगळ्यांची सहल मी बुडवली. सर, तुमची पिशवीसुद्धा मी उघडली होती."

मुलं फळ्या उचलून घराकडे निघाली. रिया मात्र सुरूखाली बसून राहिली. किशोरी तिच्या शेजारी बसली, पण हात धरायला धजावली नाही.

"मला विचारलं असतंस तर?"

"तू नाही म्हणाली असतीस. आणि मला ते खरं वाटलं नसतं."

"आता वाटेल?"

किशोरी उठून सरांकडे गेली.

"सर, पुढची अष्टमी कधी? रियाला आणायचंय. तुम्ही न्याल का तिला?"

सरांनी बोटं मोजली. "उद्याचा सोडून पुढच्या रविवारी. पण एक अट. तिच्याआधी तुम्ही पाण्यात उतरायचं."

"मला पोहता येत नाही हो!"

"गुडघाभर पाण्यात कोण पोहतं, ताई? नुसतं उभं राहायचं. तुम्ही काठावरून ओरडत राहिलात, की तिचं अर्धं लक्ष तुमच्याकडेच असतं."

पाणी उतरू लागलं होतं. झाडांची मुळं उघडी पडत होती, आणि खाडीच्या तोंडाशी गढूळ पाणी समुद्राकडे धावत होतं. एक मोठी झावळी त्यात सापडली, गर्रकन फिरली आणि बघता बघता दिसेनाशी झाली. किशोरी तिकडे बराच वेळ पाहत उभी राहिली.

"उतरेन," ती म्हणाली.