टोफूवाल्या गाडीचे पासिंग

मित्रांनो, वरून पाहिलेत तर मी अजून तरुण दिसते. पांढरा रंग, दारावर निळ्या अक्षरांत दुकानाचे नाव, काचा लख्ख. माझे खरे वय जाणायचे तर खाली वाकावे लागते. मी जपानातल्या एचिगोच्या डोंगरातली एक जुनी, बुटकी, चारही चाकांनी जोर लावणारी टोफूची गाडी आहे. नुकतीच मला एकवीस वर्षे पूर्ण झाली.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण ते मला फारसे आठवत नाही. आठवतो तो टोफूवाल्या सेइसाकु आजोबांचा हात. ते मला घ्यायला आले तेव्हा बसायची उशी घरूनच घेऊन आले होते. विक्रेता माझे गुण सांगत राहिला. आजोबांनी एकच विचारले, "वरची वाडी चढेल ना?"

वरची वाडी म्हणजे डोंगरमाथ्यावरची सात घरे. तिथली बस कधीच बंद झालेली. आम्ही पहाटे सोयाबीन दळून झाले की निघायचो. माझ्या पोटात पाण्याच्या बादल्या, त्यांत डुलणारे मऊ टोफू. थंडीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती माझ्या टपाच्याही वर जायच्या. मोठ्या मोठ्या गाड्या जागच्या जागी चाके फिरवत बसलेल्या असायच्या आणि आम्ही मात्र टुकूटुकू वर. अशा वेळी आजोबा मुद्दाम काच खाली करून विचारायचे, "दोर देऊ का?" माझी छाती फुगायची. म्हणजे बॉनेट, पण समजून घ्या.

आजोबांनी माझे लाड खूप केले. दर रविवारी मला न्हाऊमाखू घालायचे. पण त्यांचे फडके माझ्या गुडघ्यांच्या खाली कधी आले नाही. आमच्याकडे थंडीत रस्त्याच्या मधोमध नळ्यांतून पाणी उडवतात, बर्फ वितळावा म्हणून. त्या पाण्यातल्या लोखंडाने रस्ताच तांबडा होतो. घाटात वर मिठाचा थर. हे सगळे उडून माझ्या पोटाला लागायचे आणि तिथेच राहायचे.

शिवाय काटकसर. टायर घ्यायचे ते दोनच. दोन नवे, दोन गुळगुळीत, मग माझी चाल कशी सरळ राहणार? चारही चाके जोडणारा दांडा भर उन्हाळ्यात कोरड्या रस्त्यावरही ओढलेलाच. वळणावर मी घट्ट बूट घातल्यासारखी अडखळायचे आणि आजोबा कौतुकाने म्हणायचे, "काय दमदार आहे बघ!"

आणि हँडब्रेक. आमच्या गावात थंडीत हँडब्रेक कुणी ओढत नाही. मागच्या ड्रममध्ये गेलेले पाणी गोठते आणि सकाळी चाक हलत नाही. गिअरमध्ये ठेवायची, चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवायचा, झाले. आजोबांचा हँडब्रेक पहिल्याच वर्षी एकदा गोठला होता. चाळीस टोफू पोटात, आणि मी जागची हलेना. कढईतले गरम पाणी ओतून त्यांनी मला सोडवले आणि त्या दिवसापासून हँडब्रेकला हातच लावला नाही. ना थंडीत, ना उन्हाळ्यात. दर दोन वर्षांनी पासिंगला गॅरेजवाले ओढत तेवढाच, आणि तोही दर वेळी आणखी जेमतेम धरायचा.

गेल्या वसंतात आजोबा ब्याऐंशीचे झाले. एके दिवशी आपणहून जाऊन त्यांनी गाडी चालवायचा परवाना परत दिला, बसने घरी आले आणि दुपारभर भिंतीकडे तोंड करून झोपले. दुकान आता त्यांच्या लेकीने, कानाएने हातात घेतले. ती शहरातली नोकरी सोडून आली होती. टोफू तिला वडिलांपेक्षा बरा जमत होता, हे गावात सगळे म्हणत. फक्त आजोबांसमोर म्हणत नसत.

माझ्या पासिंगची मुदत नोव्हेंबरच्या अठ्ठाविसाव्या तारखेला संपत होती. गॅरेजवाल्या कुरोइवांनी मला लिफ्टवर चढवले. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला एवढ्या बारकाईने खालून पाहत होते. मला फार लाज वाटली. पुढच्या एक्सलच्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटून ग्रीस उडालेले. सायलेन्सरला भोक. चासीची एक पट्टी वाळक्या पानासारखी. हेडलाइटला मोतीबिंदू. कुरोइवा लिहीत होते आणि कागद काही संपत नव्हता.

"भंगारात दे," ते म्हणाले. "एवढ्या खर्चात दुसरी येईल."

"दुसरी घेण्याइतकं दुकान चालत नाही, काका. आणि आठवड्यावर बर्फ आलाय. वरच्या वाडीच्या फुमि आजी काय टोफूसाठी पायी उतरणार?"

फुमि आजी सत्त्याऐंशी वर्षांच्या. कुरोइवांनी कागदाची घडी घातली. मग हातमोजे चढवत पुटपुटले, "वेल्डिंग तेवढं करून देतो. बाकीचं तुझं तू बघ. आणि पासिंगलाही तूच ने, माझं नाव सांगू नकोस."

आमच्याकडे मालक स्वतः गाडी पासिंगला नेऊ शकतो, पण गावात कुणी तसे केले नव्हते. कानाएने केले. टोफूचे काम आटोपले की ती चटई टाकून माझ्याखाली शिरायची. फाटलेले बूट बदलले, सायलेन्सरला पट्टी चिकटवली, दात घासायची पेस्ट घेऊन हेडलाइट तासन्‌तास चोळले. शेजाऱ्याच्या शेडमधून एकसारखे चार टायर मागून आणले. आजोबा दारात उभे राहून पाहत असत. वाकून बघायला मात्र आले नाहीत.

अठ्ठावीस तारीख उजाडली. पासिंगच्या केंद्रावर पोहोचेपर्यंत दुपार झाली होती, आणि चारला केंद्र बंद. आत एकामागे एक गाड्या सरकत होत्या. समोरच्या पाटीवर पास झाले की गोल उमटायचा, नापास झाले की फुली. हेडलाइटला गोल. धुराला गोल. खालून हातोडी मारत फिरणाऱ्या माणसानेही गोल दिला. कानाए गुणगुणायला लागली. मग माझी मागची चाके रोलरवर आली.

"हँडब्रेक ओढा, ताई," तपासनीस म्हणाले.

"ओढलाय."

"मग अजून ओढा."

तिने दोन्ही हातांनी ओढला. माझी चाके खुशाल फिरत राहिली. मी थांबायला पाहिले, पण तार गंजून बसलेली, तिथे माझे काय चालणार? पाटीवर फुली उमटली.

घड्याळात तीनला दहा कमी होते. उद्यापासून मला रस्त्यावर आणायचीच बंदी. कानाएने एवढे सगळे पाहिले होते. हँडब्रेक तेवढा तिच्या मनातही आला नव्हता. ज्या गोष्टीला घरात कुणी हात लावत नाही ती बिघडलेली कशी आठवणार?

केंद्राच्या फाटकासमोर एक पत्र्याचे गॅरेज होते. नापास झालेल्या गाड्या तिथेच वळायच्या. मालकीण तोमिए बाई, साठीच्या, तोंडात सुक्या पर्सिमन फळाचा तुकडा. त्यांनी हँडब्रेक एकदाच वर-खाली केला आणि कानाएकडे पाहिले.

"डोंगरातली ना गं तू?"

"हो. आम्ही थंडीत ओढत नाही."

"ते ठीक. पण ऑगस्टमध्येही बर्फ पडतो होय तुमच्याकडे?"

कानाएला रडू येत होते, तरी ती हसली. तोमिए बाईंनी तिच्या हातात हातोडी दिली आणि हसून झाले असेल तर मागचा ड्रम ठोक, म्हणाल्या. दोघी चाकांशी बसल्या. ड्रम उघडला तर आत तांबडी माती. लायनर घासले, तारेत तेल सोडले, आणि मग बाईंनी कानाएला हँडब्रेक ओढायला लावले. ओढ, सोड. ओढ, सोड. साठ वेळा तरी. पंचेचाळिसाव्या वेळी माझ्या मागच्या पायांत काहीतरी सुटले, आणि मला माझेच पाय परत मिळाल्यासारखे वाटले.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी मी पुन्हा रोलरवर उभी होते. तपासनीसांनी बोटाने खूण केली. कानाएने ओढला. मी जेवढी शक्ती होती तेवढी सगळी मागच्या चाकांत आणून धरली.

गोल.

तपासनीस म्हणाले, "एवढ्या लवकर?" कानाएने खिडकीतून त्यांना कमरेत वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला आणि कपाळ आरशावर आपटून घेतले.

घरी पोहोचलो तेव्हा आजोबा दारातच होते. पास झाली का, हे त्यांनी विचारले नाही. काचेवरचा नवा स्टिकर त्यांना दिसला होता. कुठे अडली, एवढेच विचारले. हँडब्रेकपाशी, असे कानाएने सांगितल्यावर त्यांनी माझ्या दारावर हात ठेवला.

"म्हणजे नापास मीच झालो होतो की," ते म्हणाले. मग उकिडवे बसले, एक हात जमिनीवर टेकला, आणि हळूहळू मान वाकडी करून माझ्या पोटाखाली पाहिले. "अरेच्चा. एवढं सगळं आहे होय खाली?"

परवा बर्फ आला. आम्ही वर गेलो. फुमि आजी भांडे घेऊन उभ्याच होत्या. कानाएने उशीर झाल्याबद्दल माफी मागितली, तर त्यांनी टोफू उन्हात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "तुझ्या बापाच्यापेक्षा बरा आहे. त्याला सांगू नकोस, मीच सांगेन."

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी माझ्यासारखी असेल. तिचे नाक-डोळे पुसता तसे कधी खालीही वाका. थोडी माती लागेल, पाठ धरेल. जे वापरत नाही तेही महिन्यातून एकदा हलवून पाहा. आम्हाला दुखले तर बोलता येत नाही. थोडेसे तेल गळते, वळणावर थोडा आवाज येतो, ते ऐकून कुणी "काय गं, काय झालं?" असे विचारले, की आम्ही अजून पुष्कळ वर्षे डोंगर चढतो.