हुमणीवरचं पाणी

गडमुडशिंगीच्या मगदुमांच्या घरात सुनेनं शेतीत तोंड घालायची पद्धत नव्हती. पण १९७८ साली शेतकी कॉलेज शिकलेली प्रभावती सून होऊन आली आणि तिनं तोंडच काय, दोन्ही हात घातले.

त्या साली वांग्यांच्या मुळांना हुमणी अळी लागली. सासरे दादासो विषारी पावडर आणायला निघाले, तशी ती आडवी उभी राहिली.

"मामा, पावडरीनं गांडुळंबी मरत्यात. मी कॉलेजातनं सूत्रकृमी आणतो. बारीक किडं असत्यात, हुमणीच्या अंगात शिरून तिला मारत्यात."

दादासो हसले. "पर्युषण संपूस्तवर बघतो. मग मी हाय आन पावडर हाय."

कॉलेजातल्या सरांनी स्पंजात भिजवून दिलेले सूत्रकृमी तिनं बादलीभर पाण्यात पिळले. हे पाणी ऊन उतरल्यावरच घालायचं, आणि जैनांच्या घरात नेमकी तेव्हाच जेवणाची घाई. दिवस बुडायच्या आत ताटं उठायला हवीत. सासूबाईंचा, अक्काताईंचा, उपवास होता. "तू सैपाक बघ, पाणी मी घालतो," त्या म्हणाल्या.

पर्युषण संपलं तरी वांगी माना टाकतच होती. प्रभावतीचा विश्वास मात्र तसूभर ढळला नाही. खुरपं घेऊन तिनं माती उकरली. सरीमागून सरी जिवंत, गुबगुबीत हुमण्या! बांधालगतच्या शेवटच्या सरीत मात्र रोपं ताठ आणि हुमण्या तपकिरी पडून मेलेल्या.

"आत्ती, हितं काय घातलंसा?"

"काय न्हाय. फडकं धुतलो तिथं. पाणी गाळूनच घातलो की! पाण्यात जीव असत्यात, न गाळता वतायचं व्हय आपण?"

प्रभावती मटकन बांधावर बसली आणि खो खो हसत सुटली. सगळी फौज फडक्यात अडकून एकाच सरीत उतरली होती. तिनं ते सांगितलं, पण अक्काताई हसल्या नाहीत.

"म्हंजे ह्या हुमण्या मी मारलो?"

नाही म्हणणं सोपं होतं. प्रभावतीनं हसू गिळलं. "व्हय, आत्ती. पर पावडर घातली तर समदंच मरंल. गांडुळांस्नी हे शिवत न्हाईत."

अक्काताई मेलेल्या हुमणीकडं बघत राहिल्या. त्यांना तिचं खरंच वाईट वाटत होतं. मग सायकल काढणाऱ्या दादासोंना त्यांनी जोरात हाक मारली. "पावडर ऱ्हाऊ द्या! आदी ही सरी बघा!"

आणि सुनेकडं वळून म्हणाल्या, "नवा स्पंज आण. पाणी तू घाल, न गाळता. सैपाक मी करतो. पाप काय लागंल ते दोघींत निम्मं निम्मं."