ब्रेक नसलेली होडी

मित्रांनो, मला एकच अंग आहे आणि वारा आला की मी कलते, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, की म्हातारीनं लपवून ठेवलं. मी शिडाची जुनी होडी आहे. चाळिशी कधीच उलटली, पण सुदैवानं मी नाही उलटले.

एका मिस्त्रीनं आणि त्याच्या बायकोनं मला बांधलं. तो फळ्या बसवायचा आणि ती फटींत सुताचा पीळ ठासून भरायची. पोटाखाली त्यांनी मला शिशाचा जड कणा दिला. "कितीही कलू दे, हा कणा तिला परत उभी करणार," असं मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटायचा. पुढे अठरा वर्षं मी एका गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे होते. आम्ही बेटाबेटांवर जाऊन गाई-शेळ्यांना औषध द्यायचो. लांबून माझं शीड दिसलं की लोक म्हणायचे, "आल्या बघा डॉक्टरीणबाई!" मी अशी फुशारायचे, जणू सुया मीच टोचत होते.

मग बाई थकल्या. मला गोदीच्या मागच्या बाजूला एका खांबाला बांधलं गेलं. एक वर्ष गेलं, दोन गेली, सहा गेली. तळाला शेवाळ धरलं, दोर काठीसारखे कडक झाले. शेवटी गोदीमालकानं माझ्या केबिनच्या दारावर खडूनं फुली मारली. या हंगामात कुणी घेतलं नाही, तर मला करवतीखाली जायचं होतं.

माझ्या शेजारी विकायला एक कॅटमरान, म्हणजे जोडहोडी, उभी होती. तिला दोन अंगं, मधे ऐसपैस हॉल, मोठ्या खिडक्या आणि दोन इंजिनं. पाण्यावर ती टेबलासारखी सपाट राहायची. मी तिच्यावर अजिबात जळले नाही, असं म्हणणार होते. पण खोटं कशाला बोलू? थोडी जळले.

एके दिवशी एक काका-काकू आले. काका निवृत्त बस ड्रायव्हर. बत्तीस वर्षं एकाच रस्त्यानं त्यांनी बस नेली-आणली. काकू निवृत्त नर्स. दोघं दोन वर्षं होडी चालवायला शिकली होती आणि आता घर बंद करून समुद्रावरच राहायला निघाली होती. लांबच्या प्रवासाला होडी कुठली घ्यावी, एवढंच ठरत नव्हतं.

"अगं, ही बघ!" काका कॅटमरानमध्ये शिरताच म्हणाले. "कप ठेवला तर चहा हलत नाही. ती पलीकडची कलते म्हणे. कलणारी गाडी म्हणजे नको रे बाबा!"

काकू म्हणाल्या, "दोन्ही पाण्यात नेऊन बघू. मग बोला."

सकाळी ते कॅटमरान घेऊन गेले. परत आले तेव्हा काकूंचा चेहरा पिवळा पडला होता. लाटा आडव्या होत्या. दोन अंगं दोन वेगळ्या लाटांवर चढत होती आणि मधे हिसके बसत होते. "चहा नाही सांडला हो," काकू म्हणाल्या, "पण प्यायलेला बाहेर आला."

दुपारी माझी पाळी आली. सुकाणू काकांच्या हातात होतं. मला एकच धास्ती होती, आता कलले की संपलं. आणि नेमका वारा भरला! मी चांगलीच कलले. काका ओरडले, "सरका, सरका, सगळे त्या बाजूला सरका!" आणि सुकाणू सोडून त्यांनी उजवा पाय जोरात खालच्या फळ्यांवर दाबला. ते ब्रेक मारत होते.

मित्रांनो, मिस्त्रीनं मला असं बांधलंय, की सुकाणू सोडलं तर मी आपोआप वाऱ्याकडे तोंड वळवते. मी वळले. शिडं फडफडली, कण्यानं मला उचललं आणि मी सरळ उभी राहिले.

काका आपल्या पायाकडे बघत राहिले. "लागला," ते पुटपुटले. "ब्रेक लागला!"

काकू हसून हसून खाली बसल्या. "सगळे सरका म्हणजे कोण हो? मी एकटीच तर आहे!"

काका हसले नाहीत. "एकटीच आहेस म्हणूनच गं. बत्तीस वर्षं परक्यांना सुखरूप उतरवलं. आता तुलाच बुडवलं तर?"

काकू त्यांच्याजवळ सरकल्या. "मग पुन्हा सोडून बघा." काकांनी चार वेळा सुकाणू सोडलं. चारही वेळा मी उभी राहिले. आयुष्यात इतकं नीट मी कधी उभी राहिले नव्हते.

"माझा कल हिच्याकडे आहे," काकू म्हणाल्या.

"तू तरी कलू नकोस बाई!" काका म्हणाले, आणि मग तेही हसले.

कॅटमरान तीन मुलं आणि आजी-आजोबा असलेल्या घरी गेली. त्यांना तशीच सपाट, मोठी होडी हवी होती. वाटेत भेटते ती. मजेत आहे.

काकांनी माझा तळ खरवडला, दोर बदलले. डेपोतून बसचं एक जुनं पेडल आणून सुकाणूपाशी माझ्या फळ्यांवर ठोकलं. ते कशालाच जोडलेलं नाही. पहिले दोन महिने काका ते सारखं दाबायचे. परवा मोठ्या वाऱ्यात मी केवढी तरी कलले, तर त्यांनी पेडलकडे बघितलंसुद्धा नाही. "चहा टाकतेस का गं? अर्धाच कप ओत," एवढंच म्हणाले.

मित्रांनो, तुमच्याही घरात काहीतरी जुनं, जरासं कलणारं असेल. त्याला टाकून देण्याआधी एकदा त्याचा तळ खरवडा, दोर बदला, त्याला वाऱ्यात नेऊन बघा. माझ्या दारावरची फुली पहिल्याच दिवशी काकूंनी ओल्या फडक्यानं पुसली. खडूचीच तर होती.