सातव्या प्रश्नाची हिरवी ओळ

चौथीच्या चाळीसपैकी छत्तीस मुलांचा अपूर्णांकांवरचा सातवा प्रश्न चुकला होता. चाचणीच्या निकालावरून शिकवणं कसं सुधारायचं, हे शिक्षकांना दाखवायला येणाऱ्या ताईंनी तक्त्यातली ती लाल ओळ पुढे केली आणि मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून गणिताला रोज एक जादा तास मिळवला. अपूर्णांक मुळापासून शिकवायचे, असं ठरलं.

महिन्याभराने त्याच प्रश्नपत्रिकेवर फेरचाचणी झाली. सातवी ओळ हिरवीगार.

"ताई, तुमच्या हाताला यश आहे," वर्गात आलेले मुख्याध्यापक म्हणाले. "आता जादा तास उद्यापासून पाचवीला."

ताईंना राहवेना. त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "बाळ, कागदाचा अर्धा भाग मोठा, की एक तृतीयांश?"

"एक तृतीयांश. दोनापेक्षा तीन मोठे."

"मग सातवा बरोबर कसा आला गं?"

"रोज दहादा म्हणायचो ना. सातव्याचं उत्तर तीन अष्टमांश."

चौथीच्या बाईंचा चेहरा उतरला. "तुम्हीच म्हणालात, सातव्यावर मेहनत घ्या. जीव तोडून घेतली हो मी."

"सर, हा हिरवा रंग खरा नाही," ताई हळूच म्हणाल्या.

"आकडे खोटं बोलत नाहीत, हे तुमचंच वाक्य. तक्ता वर पाठवलासुद्धा," म्हणत ते निघून गेले.

"माझं चुकलं का?" मुलीने विचारलं.

ताईंनी कागदाची घडी घालायला घेतली, तोच घंटा झाली. मुलगी भाषेची वही काढू लागली.