हृदयाचं दुसरं बिऱ्हाड

माझं हृदय दोन ठिकाणी राहतं. एक माझ्या छातीत आणि दुसरं आमच्या चिरंजीवांच्या कॉम्प्युटरमध्ये. छातीतलं बरं आहे असं डॉक्टरीणबाई म्हणतात. दुसरं मात्र येता-जाता मरतं आणि त्याची शिक्षा मी भोगते.

मागे मला छोटासा झटका येऊन गेला. हृदयावर नखाएवढा डाग राहिला. रोज थोडा जिना चढउतार करा, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पण चिरंजीव पडले गणितातले. हृदयाचं गणित मांडणं हीच त्यांची नोकरी. माझ्या स्कॅनवरून त्यांनी माझं हृदय कॉम्प्युटरमध्ये उभं केलं, त्याचे बारीक बारीक तुकडे पाडले आणि एकेका तुकड्याला समीकरण चिकटवलं. ठोक्याची वीज एका तुकड्यातून पुढच्यात कशी जाते ते त्यात दिसतं. हळू चालवलं की लाल लाट सरळ निघून जाते. ठोके वाढवले की ती डागाभोवती फिरायला लागते ती फिरतच राहते, बाहेर पडत नाही. असं खरोखर झालं की माणूस संपला.

म्हणून मला जिना बंद. आम्ही चौथ्या मजल्यावर आणि लिफ्टचा पत्ता नाही. खाली रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान. गिऱ्हाइकं दुसरीकडे जायला लागली आणि मी खिडकीत बसून त्यांच्या अंगावरचे वाकडेतिकडे खांदे बघत राहिले. जीव नुसता कोंडून गेला. बरं, ओरडायचीही सोय नाही. लेकाचे वडील छातीत कळ येऊन जिन्यातच गेले, त्याच्या डोळ्यांदेखत. चिडले की मला लाज वाटायची आणि लाज वाटली की आणखी चीड यायची.

एकदा मी विचारलं, मी चढते तेव्हा माझं हृदय काय करतं ते तुला कुठून कळलं? तो हळूच म्हणाला, एक ठोका दिल्यावर स्नायूला पुन्हा तयार व्हायला जो वेळ लागतो, तो इतर लोकांचा घेतलाय. माझा का नाही? तर तो मोजायचा म्हणजे मला जिना चढावा लागणार.

"दुसऱ्याच्या मापाने शिवलंस," मी म्हणाले, "आणि वर मलाच सांगतोस, तुझे दंड जाड झालेत?"

त्याला हे कळत नव्हतं थोडंच. त्याची हिंमतच होत नव्हती. मी अबोला धरला. शेवटी त्याने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मी पहिल्यापासून काय सांगतेय?

मग माझ्या छातीला ठोके टिपणारा पट्टा बांधला. मी उतरले, चढले. तो मागून दोन्ही हात पसरून येत होता, कपाट पडतंय की काय असा. धाप लागली, पण ठोका शहाण्यासारखा पडत राहिला. ते आकडे त्याने गणितात घातले. लाट आली आणि डागाला वळसा घालून निघून गेली. त्याने ठोके आणखी वाढवले, तरी गेली. तो तोंड झाकून रडला.

"चुकलं माझं, आई. तू मोकळी आहेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पट्टा खुंटीला अडकवला, दुकानाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि दार उघडलं. मी चपला घातल्या. पहिल्या पायरीशी आले आणि हात आपोआप छातीवर गेला. हा ठोका वेळेवर पडला का? आणि हा? इतके महिने पाहिलेली ती लाल लाट डोळ्यांसमोर फिरायला लागली. ते आकडे माझेच होते, गणित आता बरोबर होतं, सगळं मला पाठ होतं. तरी पाय उचलेना.

खाली कुणीतरी माझ्या दुकानाच्या शटरवर थापा मारत होतं. लेक दार धरून बघत होता. मला त्याचा राग आला, त्याहून माझा आला.

"तो पट्टा आण," मी म्हणाले.